कालेंदासाहेबांची दूरदृष्टी

प्रागच्या सभागृहात प्राध्यापक कालेंदा भाषण ठोकत होते आणि पहिल्या रांगेतल्या डॉक्टर झ्दिस्लावा ह्रुबेशोव्हांना त्यांची किळस येत होती. कम्युनिस्ट पक्षात यायला नकार दिला म्हणून याच माणसाने त्यांना बारा वर्षं डोंगरातल्या दवाखान्यात धाडलं होतं. तिथे गळ्याला गाठी आलेली मुलं तपासत त्यांनी हार्मोनांवर जे काम उभं केलं, त्याचंच आज पदक होतं.

पदक घालताना कालेंदा हळूच म्हणाले, “डोंगरात मीच पाठवलं बरं का, बाई. दूरदृष्टी लागते त्याला.”

“तेव्हा तुम्ही त्याला शिक्षा म्हणाला होतात.”

कालेंदा कसनुसं हसले. त्यांची बोटं थरथरत होती, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत होते, कॉलर गळ्याशी आवळली होती. बाईंनी थायरॉइडचा रोग तिथेच ओळखला. एवढा मोठा प्राध्यापक, आणि रोज दाढी करताना याला स्वतःचा गळा दिसला नव्हता.

“सोमवारी माझ्या दवाखान्यात या. रांगेत बसावं लागेल,” त्या म्हणाल्या.

सोमवारी ते दोन तास रांगेत बसले. बाईंनी त्यांना नीट तपासलं, औषध लिहून दिलं आणि मान वर न करता पुढच्या पेशंटला हाक मारली.