तिसऱ्या डावातलं वर्तुळ

ट्वायला बोहॅनन आमच्या कॉलेजात आली तेव्हा तिच्या पिकअप गाडीत दोन सुटकेसी, एक इस्त्री आणि एक पांढरी प्लास्टिकची बादली होती. बादलीत सॉफ्टबॉलचे चेंडू होते आणि झाकणाला गादी शिवलेली होती. चेंडू टाकणाऱ्या, म्हणजे पिचर, मुलींना सराव देताना ती त्या बादलीवर बसून चेंडू झेलायची. बादलीच्या बुडावर काळ्या शाईने पाच कॉलेजांची नावं लिहिलेली होती आणि पाचही खोडलेली होती.

"सहावं आमचं लिहू का?" मी विचारलं.

"थोडं थांबा, मिस ऑलेटा. शाई वाळायच्या आत निघावं लागतं कधीकधी."

आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात. मी तेव्हा क्रीडा विभागाच्या ऑफिसात होते आणि सामन्यांच्या वेळी धावांची वही लिहायचे. ओक्लाहोमाच्या त्या लाल मातीच्या गावात एकतीस वर्षं मी ते काम केलं. सहायक कोच किती आले नि किती गेले, मी मोजणं सोडून दिलं होतं. बहुतेक जण दोन हंगाम काढायचे, कुठे बरी जागा दिसली की गाडी भरायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता. मुख्य कोचला काढलं की त्याच्याबरोबर सहायकही जातात. ट्वायलाने कॅन्ससमध्ये पहिलं वर्ष बिनपगारी काढलं होतं. पहाटे डोनटच्या दुकानात पीठ मळायचं, दुपारी मैदानावर यायचं. पुढे एका ठिकाणी तिने घराला नवे पडदे लावले आणि दोन आठवड्यांत सगळ्या कोचना नारळ मिळाला. तेव्हापासून ती खिडक्यांवर चादरीच लावायची.

"अगं, शेजारी काय म्हणतील?" मी म्हणायचे.

"म्हणतील, बाई धोबीण दिसते. पडदे मुख्य कोच झाल्यावर."

आमच्याकडे मात्र ती टिकली. एक, दोन, पाच, अकरा वर्षं. मुख्य कोच बर्ल पिकेट भला माणूस, पण गुडघे गेलेले. म्हातारा डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरच्या छपराच्या, सावलीत बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायचा, टरफलं थुंकायचा आणि वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायचा. बाकी सगळं ट्वायला. मुलींच्या खोल्या, बसची वेळ, कोणाचा खांदा दुखतोय, कोणाची आई आजारी आहे, कोण गणितात नापास होणार आहे. पिचरने पुढचा चेंडू कुठला टाकायचा तेही तीच ठरवायची. संघ जिंकला की पेपरात फोटो बर्लचा. ती तो कापून त्याच्याच दारावर चिकटवायची आणि खाली लिहायची, 'हसताना बरे दिसता.'

बाराव्या वर्षी बर्लने निवृत्ती जाहीर केली. क्रीडा विभागाचे संचालक लूमिस ऑफिसात येऊन माझ्यादेखत ट्वायलाला म्हणाले, "हंगाम नीट पार पाड. जागा तुझ्याशिवाय कोणाची?"

ते गेल्यावर मी म्हटलं, "पडद्यांचं माप घेऊ का?"

"गप बसा हो," ती म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली होती.

त्याच फेब्रुवारीत दुसरी सहायक मोठ्या कॉलेजात निघून गेली. डगआउटमध्ये संघाचं कार्ड सांभाळायचं काम तिचं होतं. कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, याची नोंद. बर्लच्या लक्षात राहायचं नाही आणि ट्वायला तर तिसऱ्या बेसजवळ उभी राहून धावणाऱ्या मुलींना इशारे द्यायची. तिने कार्ड माझ्या हातात दिलं.

"तुमची वही आहेच. तीच बघून सांगत जा."

"मला जमेल का गं?"

"इतक्या वर्षांत तुमचं एक वर्तुळ चुकलं नाही. जमेल."

खेळाडू बाहेर गेली की मी तिच्या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचे. नियम साधा आहे. सुरुवातीपासून खेळणारी मुलगी बाहेर गेली, मग ते नुसतं तिच्या जागी दुसरीला धावायला पाठवण्यासाठी का असेना, तर एकदाच परत येऊ शकते. दुसऱ्यांदा गेली की ती त्या सामन्यापुरती संपली.

मे महिन्यात विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना आला. जिंकलो असतो तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला गेलो असतो. वारा असा होता की कागदावर कोपर टेकवून लिहावं लागत होतं. तिसऱ्या डावात आमची शॉना दुसऱ्या बेसवर पोहोचली. शॉना फटके मारायची बैलासारखे, पण धावायचीही बैलासारखीच, म्हणून बर्लने तिच्या जागी दुसरी चपळ मुलगी धावायला पाठवली. पुढचा चेंडू डाव्या बाजूला गेला. ट्वायला त्या मुलीला थांबवेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिने तिथे चेंडू अडवणाऱ्या खेळाडूचा लंगडा पाय आधीच हेरला होता. तिचा हात पवनचक्कीसारखा फिरायला लागला, टोपी उडाली, आणि ती मुलीच्या बाजूने निम्म्या वाटेपर्यंत पळत ओरडत गेली, "जा, जा, जा, मागे बघू नकोस!" मुलगी धुळीतून घसरत होम बेसवर आली, धाव झाली. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते.

वर्तुळ काढायचं राहिलं.

पुढच्या डावात शॉना परत आली, तेही लिहिलं नाही. पाचव्या डावात तिच्या जागी पुन्हा धावायला मुलगी पाठवली, तेव्हा मात्र मी नीट वर्तुळ काढलं. सातव्या, शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, दोघी बाद झाल्या होत्या, दोघी बेसवर होत्या. शॉनाचा क्रम आला. ट्वायला धावत डगआउटच्या जाळीपाशी आली.

"शॉना येऊ शकते ना? तिसऱ्या डावात पण गेली होती का ती?"

मी वही बघितली. "नाही. तिसऱ्यात धावायला पाठवली ती आपल्या कॅचरच्या जागी, शॉनाच्या नाही. येऊ दे."

"नक्की?"

"एकच वर्तुळ आहे, ट्वायला."

शॉनाने चेंडू थेट कुंपणाला मारला. बेसवरच्या दोघी होमला आल्या. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, बर्लने तोंडातल्या सगळ्या बिया एकदम थुंकल्या. आणि तेवढ्यात समोरच्या संघाची कोच हातात कार्ड घेऊन शांतपणे पंचाकडे चालत गेली. पंच आपणहून काही सांगत नाही, समोरच्याने दाखवलं तरच बघतो. त्याने आपलं कार्ड काढलं. त्यावर शॉना दोनदा बाहेर गेलेली होती. शॉना बाद. दोन्ही धावा रद्द. हंगाम संपला.

बसमध्ये ट्वायला माझ्या शेजारी येऊन बसली. "वही द्या जरा. आकडे बघते," म्हणाली आणि बराच वेळ तिच्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी लूमिसनी आम्हा तिघांना बोलावलं. चिडले की त्यांचा आवाज खाली जायचा.

"चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं, पण ट्वायला आधी बोलली. "माझी. ऑलेटाच्या वहीत नोंद होती. मी नीट विचारलं नाही, घाईत मुलगी आत पाठवली."

लूमिसनी वही उघडली. तिसऱ्या डावात शॉनाच्या आकड्याभोवती वर्तुळ होतं.

ते मी काढलेलं नव्हतं. माझा नवरा हर्शल त्या वर्षी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता आणि त्याचा विमा माझ्या नोकरीवर होता. ट्वायलाला ते ठाऊक होतं. तीच त्याला गुरुवारी घेऊन जायची.

बाहेर आल्यावर मी तिला पार्किंगमध्ये गाठलं. "माझ्या वहीत हात घातलास?"

"अक्षर जमलं का?"

"नाही! माझं वर्तुळ वर उघडं राहतं. तू घट्ट बंद केलंस. आत्ता जाऊन सांगते मी."

"काय सांगाल? कार्ड सांभाळणं सहायकाचं काम. मी ते दुसऱ्याला दिलं. चूक तिथेच झाली."

"आणि तुझी जागा?"

तिने गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "हर्शलला गुरुवारी कितीला आणायचंय?"

मी परत वर गेले. लूमिसना सगळं सांगितलं, अगदी उघड्या वर्तुळापर्यंत. हर्शलच्या विम्याचं मनात म्हटलं, बघू काय होतं ते. लूमिसनी वही बंद करून माझ्याकडे सरकवली. "ऑलेटा, मैत्रीण असावी तर तुमच्यासारखी. पण तिने स्वतः कबूल केलंय." वर्तुळं काय, कोणीही कशीही काढतं, असं त्यांना वाटलं असावं. पंधरा दिवसांत मिसूरीचा एक चौतीस वर्षांचा माणूस मुख्य कोच झाला. केंट नाव. त्याचे दात फार छान होते.

ट्वायलाला त्या उन्हाळ्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. का, ते मी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये एकदा ऑफिसात बादली उलटी पडलेली दिसली. पाच खोडलेल्या नावांखाली आमच्या कॉलेजचं नाव लिहिलेलं होतं.

पुढच्या मार्चमध्ये पहिला सामना होता. मी वही घेऊन डगआउटच्या टोकाला, सगळ्यांच्या मागे बसले होते. केंट हातात नवंकोरं कार्ड घेऊन उभा होता.

"हे कोण सांभाळतं?" त्याने विचारलं.

त्याच्या शेजारी नुकतीच आलेली दुसरी सहायक उभी होती. तिने हात पुढे केला.

"तिच्याकडे नाही," ट्वायला बादलीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही. "कार्ड मिस ऑलेटांकडे असतं."

केंटने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. गेल्या वर्षीची गोष्ट त्याच्या कानावर आली असणारच. "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली आणि टोपी डोक्यावर दाबून तिसऱ्या बेसकडे चालू लागली.

त्यानंतर ती तिथे तेरा वर्षं उभी राहिली, तीन मुख्य कोचांच्या हाताखाली. मी निवृत्त होईपर्यंत कार्ड माझ्याकडेच होतं. तिचा हात फिरायला लागला की मला उभं राहावंसं वाटायचं. मी बसून राहायचे, आधी वर्तुळ काढायचे आणि मग मान वर करायचे. तिच्या खिडक्यांवर शेवटपर्यंत चादरीच होत्या.