लेबलाखालचा शिक्का

परक्या देशात पाऊल टाकल्यापासून मोठ्या बाईंचे नुसते लाड चालले होते. विमानतळावर फुलं काय, गाडीत पाठीला टेकायला उशी काय, आणि ग्रंथालयाच्या दारात तर झाडून सगळे कर्मचारी ओळीनं उभे! एवढं कौतुक त्यांचं माहेरीसुद्धा कधी झालं नव्हतं. उंचीनं बाई तशा बुटक्याच, पण त्यांच्या गावच्या ग्रंथालयात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणायचे. आज त्यांना स्वतःलाही आपण जरा मोठ्या आहोत असं वाटायला लागलं होतं.

आणि का वाटू नये? काही वर्षांमागं इथल्या नदीला पूर आला आणि या ग्रंथालयाचा तळमजला पार बुडाला. बालविभागातलं एकही पुस्तक हाती लागलं नाही. ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेनं देशोदेशी हाक दिली, तेव्हा सगळ्यांत आधी खोकी पोचली ती बाईंची. त्यांच्या गावी पेपरात फोटो छापून आला, सत्कार झाला. आता इथल्या नव्या बालविभागाला बाईंच्या ग्रंथालयाचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि दुपारी पाटीवरचा पडदा बाईंच्याच हस्ते सरकणार होता.

आता त्या खोक्यांत काय होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणून काय करायचं? ग्रंथालयात दर काही वर्षांनी फाटकी, जुनाट पुस्तकं बाद करतात. पहिल्या पानावर लाल शिक्का मारायचा आणि रद्दीवाल्याला बोलवायचं. बाईंच्या ग्रंथालयात असा ढीग मागच्या जिन्यात पडला होता आणि रद्दीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. तेवढ्यात ती हाक आली. बाईंनी ढीगच्या ढीग खोक्यांत भरला. लाल शिक्क्यावर बरोब्बर बसेल अशी लेबलं छापून घेतली, ‘स्नेहभेट’ अशी, नक्षीबिक्षी काढून. घरी जेवणाच्या टेबलावर नवरा डिंक लावून देत होता आणि बाई चिकटवत होत्या.

त्या ढिगात मुलांच्या ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते. दोन्ही देशांत शाळेत शिकवतात त्या भाषेतले, म्हणून अगदी सोयीचे. फक्त त्यातली निम्मी चित्रं गायब होती. शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला पोरं ब्लेड लावून कापून न्यायची. बाईंना हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! दोघातिघांचे कान त्यांनी स्वतः उपटले होते. पण काहीच नसण्यापेक्षा बरं, असं त्यांनी तेव्हा मनाला सांगितलं, आणि मनानंही ते लगेच ऐकलं.

इथल्या मुख्य ग्रंथपाल, म्हणजे बाईंच्या यजमानीण, शिडीसारख्या उंच आणि बोलायला भारी गोड. त्या शाळेतल्या भाषेत दोघीही अडखळायच्या. एकीला शब्द आठवला नाही की दुसरी पुरवायची, तिलाही नाही सुचला की हातवारे करायचे. सकाळपासून असं चाललं होतं आणि दोघींना मजा येत होती.

“आणि हे आमचे झोपाळूकाका!” बालविभागात शिरताना यजमानीण बाई म्हणाल्या. एक पांढऱ्या मिशांचा माणूस दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन समारंभाची मांडामांड करत होता. त्यांच्या भाषेतलं ते टोपणनाव त्यांनी उलगडून सांगितलं तशी आजूबाजूचे कर्मचारी फिदीफिदी हसले. काकाही खाली बघून हसले.

“अरे वा!” बाई म्हणाल्या. “मग काका, माझ्या भाषणात तरी जागे राहा हं!”

यजमानीण बाईंनी ते काकांना सांगितलं. पुन्हा हशा पिकला. काकांनी मान डोलावली आणि खुर्च्या घेऊन पुढं गेले. आपला विनोद परक्या भाषेतही जमला म्हणून बाई खूश झाल्या.

मग त्यांचं कपाटांकडं लक्ष गेलं. काचेची दारं, प्रत्येकाला कुलूप. आत त्यांच्या ज्ञानकोशाचे खंड ओळीनं उभे होते, नव्या बांधणीत, घरच्या कार्यात नटवून बसवलेल्या पोरांसारखे. आणि खोलीत इतक्या सकाळी आलेली चार-पाच मुलं काचेला नाक लावून नुसती बघत होती.

“इतकं जपता?” बाईंनी विचारलं.

यजमानीण बाईंचा चेहराच उतरला. त्यांनी बाईंना हाताला धरून आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. “समारंभाआधी तुमची माफी मागायची आहे,” त्या म्हणाल्या. “पत्रातून लिहायचं धाडस झालं नाही. तुमच्या पुस्तकांची आम्ही नीट राखण केली नाही.”

बाईंनी समोरची खुर्ची ओढून घेतली.

“खोकी आली तेव्हा सगळं गाव लोटलं होतं हो. पुरानंतर पहिली पुस्तकं ती! त्याच दिवशी फळ्यांवर मांडली. पुढं काही आठवड्यांनी बघतो तर काय, आतली चित्रं कापलेली. एक नाही, दोन नाही, पानंच्या पानं! त्या खोलीवर काकांची नेमणूक होती. दुपारी जरा पेंगायची सवय आहे त्यांना. मी विचारलं तर म्हणाले, माझा डोळा लागला असेल, तेवढ्यात पोरांनी कापली असतील. बिचाऱ्यांनी उलट शब्दसुद्धा काढला नाही. मी त्यांना बालविभागातून काढलं. आता ते तळघरात असतात, खुर्च्या-टेबलं सांभाळतात. झोपाळूकाका हे नावही तेव्हाच पडलं. मुलांवर त्यांचा फार जीव होता, पण काय करणार?”

बाईंनी नजर खिडकीकडं वळवली. यजमानीण बाईंना वाटलं, रागावल्या. त्या आणखी घाईनं बोलायला लागल्या.

“पण आम्ही ती पानं भरून काढली हां! मी चार देशांतल्या ग्रंथालयांना लिहिलं. एका ठिकाणी ती आवृत्ती नव्हती, तर तिथल्या ग्रंथपालानं स्वतःहून आपल्या मैत्रिणीला पलीकडच्या देशात फोन लावला. तिनं रजेच्या दिवशी येऊन रंगीत प्रती काढल्या. सगळ्यांनी फुकट पाठवलं, एका शब्दावर. आमच्या बांधणीवाल्यानं पान न् पान बसवलं. आणि कपाटांना कुलपं घातली. मुलांनी काचेतून बघायचं, हवं ते पान आम्ही उघडून दाखवतो. आमचं बघून आसपासच्या ग्रंथालयांनीही आता बालविभागाला कुलपं लावलीत. तुमच्या भेटीची पुन्हा अशी अवस्था नको व्हायला.”

काहीतरी बोलायचं म्हणून बाई बोलल्या, आणि बोलल्या तेही स्वतःला वाचवायलाच. “पण पुस्तक आलं की पानं तपासून घेत नाही का तुम्ही? आमच्याकडे तर नियमच आहे.”

“आमच्याकडेही आहे. एकूण एक पान तपासतो,” यजमानीण बाई म्हणाल्या. “पण ही तुमच्याकडून आलेली ना! तपासायला बसलो असतो तर तुमच्यावर शंका घेतल्यासारखं झालं असतं. मीच सांगितलं, राहू द्या.”

बाईंना वाटलं, धरणीनं आत्ता पोटात घेतलं तर बरं. बोल, आत्ता बोलून टाक, असं त्या स्वतःला सांगत होत्या आणि जीभ काही हलत नव्हती.

“रागावलात?” यजमानीण बाईंनी विचारलं.

“नाही, नाही,” बाई म्हणाल्या. आणि त्यांनी ती माफी स्वीकारली! यजमानीण बाईंनी दोन्ही हातांत त्यांचा हात धरला तेव्हा चक्क मान हलवून स्वीकारली. वयाची साठी जवळ आलेली बाई, आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून दटावत आलेली.

तोंड धुऊन येते म्हणून त्या बाहेर पडल्या आणि जिन्याच्या कोपऱ्यातून घरी फोन लावला.

“अहो, ती लेबलं आठवतात का?”

“कुठली? डिंकाची?” नवरा म्हणाला. “आठवायला काय झालं! माझी बोटं आठवडाभर चिकट होती.”

बाईंनी सगळं सांगितलं.

“हे बघ, आत्ता काही बोलू नकोस,” नवरा म्हणाला. “संस्थेचं नाव जाईल. निवृत्तीच्या तोंडावर हे लचांड कशाला? त्या माणसाची नोकरी तर आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर.”

“मी हसले हो त्यांना,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांसमोर. जागे राहा म्हटलं. आणि ते आपले खाली बघून हसले.”

नवरा खाकरला. “मग मी काय सांगणार? तुझं तू बघ. आणि सांगितलंस तर माझंही सांग, डिंक मी लावला होता.”

दुपारी खोली माणसांनी भरून गेली. पाटीवर निळा पडदा, पुढं मुलं मांडी घालून, मागं त्यांचे आईबाप. अगदी शेवटच्या भिंतीशी काका, कुणाला खुर्ची कमी पडली तर द्यायला एक हातात धरून उभे. आणि खरंच डोळे टक्क उघडे ठेवून! बाईंच्या विनोदाचा मान राखत होते बिचारे.

त्यांचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. भाषणाचा कागद हातात होता आणि पहिलं वाक्य तोंडातून गेलंसुद्धा, ‘पुस्तकांना देशांच्या सीमा नसतात’ असलं काहीतरी. ते स्वतःच्याच कानांना इतकं खोटं लागलं की बाईंनी कागदाची घडी घातली.

“जरा किल्ली द्या,” त्या यजमानीण बाईंना म्हणाल्या.

कुलूप उघडून त्यांनी ते यजमानीण बाईंच्या हातात दिलं आणि ज्ञानकोशाचा एक खंड काढला. पहिल्या पानावरच्या लेबलाचा कोपरा नखानं उचकटायला लागल्या. डिंक पक्का होता, लेबल फाटत फाटत निघालं. खाली लाल शिक्का. त्यांच्या स्वतःच्या लिपीतला, तिथं कुणालाही न वाचता येणारा. त्या क्षणीसुद्धा मनात आलं, हे आमच्या ग्रंथालयाचं मानचिन्ह आहे म्हणून सांगावं, कोण विचारणार आहे?

“इथं ‘बाद’ असं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “हा शिक्का मारला की आमच्याकडे पुस्तक रद्दीत जातं. तुम्हाला पाठवलेलं प्रत्येक पुस्तक रद्दीचं होतं. चित्रं आमच्या गावच्या मुलांनी कापलेली होती, तुमच्या नाही. मला माहीत होतं. माहीत असून मी वर लेबल चिकटवलं आणि पाठवलं. आज सकाळी तुम्ही माझी माफी मागितलीत, ती मी स्वीकारलीसुद्धा. मला लाज वाटते.”

ती भाषा ज्यांना येत होती ते शेजारच्याच्या कानात सांगायला लागले आणि कुजबुज मागच्या भिंतीपर्यंत गेली. बाईंनी यजमानीण बाईंकडं बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हातातल्या कुलपाकडं बघत होत्या आणि वर बघेनात.

काका गर्दीतून वाट काढत पुढं आले. खुर्ची हातात तशीच होती. बाईंच्या समोर उभं राहून त्यांनी काहीतरी विचारलं. यजमानीण बाईंना ते सांगायला वेळ लागला.

“ते विचारताहेत,” त्या म्हणाल्या, “म्हणजे मी झोपलो नव्हतो?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जागेच होतात, काका.”

काकांनी खुर्ची खाली ठेवली आणि आणखी काही बोलले, हळू, पुन्हा पुन्हा थांबत. या वेळी यजमानीण बाईंनी सांगितलंच नाही. त्यांचे डोळे भरले होते.

“काय म्हणाले? सांगा ना,” बाई म्हणाल्या.

“म्हणतात, हे माझ्या घरी येऊन सांगाल का? नातवंडंसुद्धा मला त्याच नावानं हाक मारतात. मी सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.”

“येते की,” बाई म्हणाल्या. “आत्ताच चला.”

पडदा पाटीवर तसाच राहिला. काका पुढं आणि त्यांच्या मागं बाई, मान खाली घालून, असे दोघं मुलांच्या मधून वाट काढत दाराकडं निघाले.