फुलाचा रकाना

सकाळचे साडेदहा. सरकारी कुरणाचा पूर्वेकडचा कोपरा, तारेच्या कुंपणापासून चार पावलांवर. मी जांभळा काटा, एक काटेरी तण. तेव्हा एक वर्षाचाही नव्हतो. ताटाएवढा, जमिनीला चिकटून पसरलेला. मला इथे वाऱ्याने आणलं नाही. गवताच्या बियाण्याच्या पोत्यातून आलो. पोत्यावर ‘शुद्ध’ असा शिक्का होता.

कुंपणापलीकडचं कुरण गोठेवालीचं. बारा गायी, आणि चारायला तेवढीच जागा. तिने मला पाहताक्षणी ओळखलं आणि कुरणाच्या सरकारी निरीक्षकाला बोलावून आणलं.

“साहेब, पानावरून बोट फिरवा. खरखरीत लागतंय ना? आपल्या साध्या काट्याचं पान वरून गुळगुळीत असतं.”

साहेबांनी बोट फिरवलं नाही, फॉर्म काढला. “मावशी, इथे फुलाचा रंग विचारलाय. फूल कुठंय?”

“पहिल्या वर्षी हे असंच बसून राहतं. फूल पुढच्या वर्षी.”

“मग पुढच्या वर्षी बघू.”

“आता खुरप्याच्या दोन घावांत मुळासकट निघेल. काढू?”

“हात लावायचा नाही. ओळख न पटलेलं रोप सरकारी जागेतून उपटलं तर दंड आहे.”

“ओळख मला पटलीय की.”

“तुम्हाला पटून काय उपयोग?”

मी चोर, आणि माझ्या राखणीला सरकार. हसायला मला तोंड नाही म्हणून राहिलं. वर्षभर निवांत बसून मी मूळ हातभर खोल नेलं.

दुसऱ्या वर्षी छातीइतका वाढलो, फुललो. मग मात्र साहेब तिघांना घेऊन आले. फोटो काढले. ‘जांभळा’ लिहिताना कोण आनंद! पंधरा दिवसांनी गवत कापायचं यंत्र आलं. माझी मुंडकी छाटली आणि तिथेच टाकून दिली. छाटलेल्या फुलातही माझं बी पिकतं, हे गोठेवाली ओरडून सांगत होती. यंत्राचा आवाज मोठा होता. अहवालात लिहिलं, ‘समूळ नायनाट’. मूळ कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आठवड्याभरात माझं बी रुईच्या म्हातारीसारखं उडत कुंपणापलीकडे गेलं.

आज तिचं निम्मं कुरण माझं आहे. गायी मला तोंड लावत नाहीत, लांबूनच वळसा घालतात. पाच गायी तिने विकल्या. उरलेल्या सात जणींसाठी ती रोज सकाळी कुदळ घेऊन वाकते. तिच्या बाजूचा मी रोज थोडा थोडा मरतो. या सरकारी बाजूला माझी चाळीस रोपं आहेत, सगळी पहिल्या वर्षाची. ती उपटणं एका दिवसाचं काम, तेही फुकट करायला ती तयार आहे.

मला मुळासकट काढा, असं मी कशाला विनवू? ते ती विनवते आहे. परवानगीसाठी तिने तीन लेखी अर्ज दिले. तिन्हींची पोच मिळाली आहे. उत्तर एकाचंही आलेलं नाही.