वास माझा होता

मित्रांनो, मी अंग पुसायचा एक जुना टॉवेल. काठ निळा, बाकीचं अंग एके काळी पांढरं होतं. बीडजवळच्या पाली गावात बन्सीभाऊ आणि सिंधुबाई या नवराबायकोच्या पत्र्याच्या घरात मी राहतो. माझी गोष्ट सुखाची नाही, तरी ऐका.

माझा जन्म बीडच्या एका सहकारी विणकर संस्थेत झाला. तिथे बन्सीभाऊ सूत रंगवायचे आणि जमीलभाई मागावर बसायचे. माझ्या काठाचं सूत बन्सीभाऊंनी रंगवलं आणि मला विणलं जमीलभाईंनी. दोघांची मैत्री अशी, की एकाने जेवणाचा डबा उघडला की दुसरा हात धुऊन आलाच. संस्थेच्या शेवटच्या दिवाळीला कामगारांना एकेक टॉवेल भेट मिळाला. जमीलभाईंनी गठ्ठ्यातून नेमकं मला ओढून काढलं आणि मित्राच्या खांद्यावर टाकलं.

"घ्या बन्सीभाऊ. ह्याच्यावाणी पानी पिणारा टॉवेल बाजारात घावायचा न्हाई."

पुढे संस्था बंद पडली. बन्सीभाऊ गावी परतले, मिळेल ते काम करू लागले. ते माझे चांगले दिवस होते. त्यांची आंघोळ झाली की सिंधुबाई मला पिळून अंगणातल्या तारेवर टाकायच्या. दुपारपर्यंत मी कडकडीत वाळायचो. पाहुणे आले की हात पुसायला मलाच पुढे केलं जायचं, आणि पाहुणे माझं कौतुक करायचे.

मग बन्सीभाऊंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पण माणूस खाटेला लागला. जमीलभाई बीडहून बाजाराच्या दिवशी न चुकता यायचे. दारातूनच "जयभीम, बन्सीभाऊ!" म्हणायचे, खाटेवर बसून मित्राची दाढी करायचे, गप्पा मारायचे. बन्सीभाऊ सगळा आठवडा त्या एका दिवसाची वाट बघायचे.

आणि दुष्काळ आला. बिंदुसरेचं धरण तळाला गेलं. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. आलेल्या पाण्यात स्वयंपाक व्हायचा, प्यायला पुरायचं, धुण्याला उरायचं नाही. पत्र्याखाली जिवाची काहिली व्हायची. म्हणून सिंधुबाई मला ओलं करून बन्सीभाऊंच्या छातीवर पसरायच्या. वाळत आलो की पुन्हा पाण्याचा शिपका. माझ्यानेच त्या त्यांचं अंगही पुसायच्या. घाम, साबण, ओल, सगळं माझ्या धाग्यांत मुरत गेलं. तारेवर जाणं बंदच झालं. मी आतून कुबट झालो. मित्रांनो, मला ते कळत होतं, पण टॉवेलाला कुठली वाचा?

एके दिवशी बन्सीभाऊ म्हणाले, "अगं, माझ्या अंगाला वास यायलाय का?"

"कशाचा वास? न्हाई बा," सिंधुबाई म्हणाल्या. त्या खरंच बोलत होत्या. सतत त्याच खोलीत राहून त्यांच्या नाकाला तो वास जाणवेनासा झाला होता. पण बन्सीभाऊंना वाटलं, ही आपलं मन राखायला खोटं बोलते. आपलं अंगच सडायला लागलंय, असं त्यांनी मनाशी धरलं.

त्या बाजाराच्या दिवशी जमीलभाईंनी दाढी केली आणि माझ्याने मित्राची हनुवटी पुसली. पुसताना त्यांनी क्षणभर तोंड वळवलं. बन्सीभाऊंनी ते पाहिलं.

जमीलभाई गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "पुन्यांदा आला तर त्याला आत घेऊ नको. झोपलाय म्हनून सांग."

"अवो, पर कावून? तुमचा जीव हाय त्यो!"

"सांगितलं तेवढं कर."

पुढच्या खेपेला जमीलभाई दारातून परत गेले. त्याच्या पुढच्या खेपेलाही. नंतर एकदा आणलेली केळी उंबऱ्यावर ठेवून थोडा वेळ उन्हात उभे राहिले. मग ते येईनासे झाले. बन्सीभाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

शेजारच्या भिवराबाई एकदा विचारपूस करायला आल्या. त्यांनी मला उचललं आणि नाकाला पदर लावला.

"अगं सिंधे, हे टॉवेल पार कुबटलंय की! माणसाच्या अंगावर कशाला टाकतीस?"

सिंधुबाईंनी मला बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगलं, तेव्हा त्यांना वास जाणवला. नवऱ्याने वासाचं का विचारलं आणि जमीलभाईंना का टाळलं, याचा त्यांना उलगडा झाला.

त्यांनी घरात होतं ते पाणी चुलीवर ठेवलं. भिवराबाईंनी आपल्या प्यायच्या पाण्यातली घागर आणून दिली. धुण्याचा सोडा टाकून मला खळखळ उकळलं. साबण लावला नाही, जुनाच साबण धाग्यांत अडकला होता. तो निघाला, पाणी काळं झालं. मग मला खंगाळून, घट्ट पिळून, झटकून तारेवर उन्हात मोकळं पसरलं. दोन्ही बाजू कडक वाळल्या. वास गेला.

सिंधुबाईंनी मला नवऱ्याच्या तोंडाशी धरलं. "हुंगा. तुमच्या अंगाला वास नव्हता. ह्या टॉवेलाला व्हता."

बन्सीभाऊंनी डाव्या हाताने मला नाकाशी घट्ट दाबलं. बराच वेळ त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात झिरपत होतं. मग म्हणाले, "जमीलला फोन लाव. म्हनावं, ये."

सिंधुबाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या उशाशी धरला. पलीकडे जमीलभाईंची लेक गौसिया होती.

"चाची, अब्बा तर गेले," ती म्हणाली. "टँकरच्या लायनीत ऊन लागलं. पडून व्हते तवाच तुमाला कळवावं म्हणलं, पर अब्बाच म्हणलते, नको, बन्सीभाऊ नाराज हायेत. लई विचारायचे चाची, मी त्यांचं काय बिघडवलं म्हनून."

सिंधुबाईंनी फोन बाजूला घेतला. उशीर झाला होता. बन्सीभाऊंनी सगळं ऐकलं होतं.

मित्रांनो, ओला टॉवेल घडी करून ठेवू नका. वापरला की झटका, पसरा, ऊन दाखवा. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि ते विचारेल, "माझ्या अंगाला वास येतोय का?", तर नुसतं नाही म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा, वास कुठून येतो ते शोधा आणि त्याला खरं सांगा.

आता मी रोज उन्हात वाळतो. सिंधुबाई रोज मला हुंगून बघतात आणि मगच आत नेतात. बन्सीभाऊ आता काहीच विचारत नाहीत.