यालिनीच्या वाढदिवसाची पंगत

मंगैनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि सांबाराची बादली उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड निघाली. कडी तळहातात रुतली, थोडं सांबार पायावर सांडलं. पण समोर ऑफिसातल्या सुगंधी मॅडम मोबाइल धरून उभ्या होत्या, म्हणून ती हसली.

"अश्शी. जरा अजून वाक," त्या म्हणाल्या. "आता कशी अन्नपूर्णा दिसतेस!"

देवळामागच्या लांबोड्या दालनात समोरासमोर दोन पंगती बसल्या होत्या. तिरुवल्लिक्केणीच्या गल्लीतले हॉर्न आणि भांडणं भिंतीवरून आत येत होती. रोज इथं देवळाचं साधं जेवण असे. आज लेकीला, यालिनीला, पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून पायसम आणि वड्यांसकट सगळी पंगत मंगैच्या घरची होती. तिचा नवरा इळंगो तिच्या आईवडिलांना घेऊन गाभाऱ्याकडे अर्चनेला गेला होता.

लोक भातात खळगा करून वाट पाहत होते. मंगै एकेका खळग्यात पळीभर सांबार ओतत पुढं सरकत होती. चेहऱ्यांकडे बघायला सवड नव्हती. दिसत होती ती पानं आणि हात. पंगतीच्या मध्याच्या जरा पुढं एक हात भात सारखा करत होता. त्याची करंगळी वाकडी होती. कधीकाळी छापखान्यात मशीनमध्ये सापडून वाकडी झालेली. ती करंगळी रोज सकाळी तिच्या हातून कॉफीचा पेला घेत असे.

पळी हवेतच राहिली.

चोक्कलिंगमनी मान वर केली. फक्त लग्नाकार्याला बाहेर निघणारा सदरा, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, कमरेला धोतरासारखी गुंडाळलेली, इस्त्री केलेली वेष्टी. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पानाकडे बघू लागले.

"थोडंच घाला, अम्मा," ते म्हणाले.

घाला. घरी ते 'घाल गं मंगै' म्हणत.

तिनं घातलं. जास्तच पडलं, ओघळ पानाच्या कडेपर्यंत गेला, तो त्यांनी भातानं अडवला.

गेल्या महिन्यात नात्यातल्या लग्नात चोक्कलिंगम खुर्चीवरून उठले तेव्हा वेष्टी मागून ओली झाली होती. मंगैच्या आईनं तोंड दुसरीकडे वळवलं होतं. त्यानंतर मंगै मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, की देवळात गर्दी फार, जमिनीवर बसायचं, तुम्हाला झेपायचं नाही. ती म्हणावीच लागली नाहीत. काल रात्री जेवता जेवता तेच म्हणाले, "गुडघे फार धरलेत. मी काही येत नाही." आणि ती लगेच म्हणाली होती, "मग राहू दे, मामा. आराम करा." इतकं लगेच, की इळंगोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं होतं.

"मंगै," सुगंधी मॅडम जवळ आल्या, "अगं, तुझे सासरे कुठं दिसत नाहीत ते? त्यांच्यासोबत एक फोटो घेऊ की."

चोक्कलिंगम हातभर अंतरावर बसले होते.

"ते... घरी आहेत," मंगै म्हणाली. "गुडघे दुखतात त्यांचे."

भात कालवणारी बोटं थांबली. मग पुन्हा कालवू लागली.

ती पुढच्या पानाकडे गेली. कुणाला किती वाढलं तिला कळलं नाही. बादली रिकामी झाली तेव्हा ती दाराशी गेली. तिथं वाढप्यांवर देखरेख करणारी भाग्यम अक्का उभी होती.

"अक्का, ते सदऱ्यातले आजोबा... रोज येतात का?"

"ते? छे, आजच पाहतेय. दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसून होते. म्हटलं, इतक्या लवकर कशाला? तर म्हणाले, जेवणाची टोकनं संपली म्हणजे?" अक्का हसली. "चांगल्या घरचे वाटतात. असतील कुणी करंटी पोरं!"

एवढ्यात यालिनी वड्यांची परडी दोन्ही हातांनी सावरत पंगतीत शिरली. एकेका पानावर वडा ठेवून ती मोठ्यानं "जेवा!" म्हणत होती आणि लोक तिच्या डोक्यावर हात ठेवत होते. मंगै तिला अडवायला धावली, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला.

"आजोबा!" यालिनी किंचाळली. "तुम्ही इथं?"

सुगंधी मॅडमनी वळून पाहिलं. भाग्यम अक्कानंही.

"इथंच की!" चोक्कलिंगम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इथं बसलेले सगळे तुझे आजोबाच आहेत, राजा. त्या पलीकडच्या आजोबांना बघ, वडाच नाही मिळाला."

पलीकडचा म्हातारा बोळकं पसरून हसला. पंगत हसली. यालिनी आईकडे बघत राहिली. मग चोक्कलिंगमनी उजवा हात खरकटा म्हणून डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, क्षणभर डोळे मिटले, आणि तिला हळूच पुढं ढकललं.

मंगै त्यांच्या पानासमोर वाकली. तिच्या हातात काहीच नव्हतं, ना पळी, ना बादली.

"मामा," ती कुजबुजली, "पायसम आणू?"

"पोट भरलं, अम्मा." त्यांनी पान आपल्या बाजूला दुमडलं, तृप्त झालेला माणूस दुमडतो तसं. "तुमचं लेकरू शंभर वर्षं जगो."

ते उठू लागले. गुडघ्यानं दगा दिला, हात भिंत शोधू लागला. तिनं हात पुढं केला. तोवर पलीकडच्या म्हाताऱ्यानं त्यांना बखोटीला धरून उभं केलं होतं. दोघं हात धुवायच्या नळाकडे गेले. वेष्टी मागून कोरडी होती. आपण आधी तेच पाहिलं, हे लक्षात आलं तेव्हा मंगैचे कान तापले.

"झाली का पंगत?" इळंगो तिच्या आईवडिलांना घेऊन आला. सगळ्यांच्या कपाळावर कुंकू होतं. "अप्पांसाठी काढून ठेवलंस ना? उशीर झाला, उपाशी बसले असतील."

"ते जेवले."

"कुठं?"

"इथं. या पंगतीत," ती म्हणाली. मग सुगंधी मॅडमकडे वळली. "मघाशी मी खोटं सांगितलं."

कुणी काही विचारायच्या आत ती दालनाबाहेर पडली. चपलांच्या ढिगात तिच्या चपला दिसेनात, तशीच ती गल्लीत उतरली. डांबर भाजत होतं. फुलांच्या टोपल्या, स्कूटर, लिंबूसोड्याची गाडी. त्या गर्दीपलीकडे तो सदरा दिसला, एक हात भिंतीला टेकत, थांबत थांबत चाललेला.

"मामा!" तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली.

लिंबूसोडेवाला वळला. रिक्षावाला वळला. उदबत्ती विकणारा म्हातारा "काय गं, बाई?" म्हणाला.

चोक्कलिंगम तेवढे वळले नाहीत.