चाळिसावी बेंबी

हॉस्पिटलात मला 'बेंबीवाले डॉक्टर' म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते आवडायचंही. दात्याचं मूत्रपिंड मी दुर्बिणीने काढतो, तेही बेंबीतल्या एकाच भोकातून. इतर सर्जन तीन-चार भोकं पाडतात. माझ्या एकोणचाळीस पेशंटांच्या पोटावर व्रण शोधून दाखवा.

चाळिसावी होती एक बहीण. थोरल्या भावाला मूत्रपिंड देत होती. भाऊ म्हणाला होता, "डॉक्टर, हिच्या अंगावर खूण राहू देऊ नका." मला तेवढं निमित्त पुरलं.

एकाच भोकातून सगळी हत्यारं आत गेली, की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. तरी रक्तवाहिनी कापेपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथून तीन-चार मिनिटांत, रक्तावाचून खराब व्हायच्या आत, मूत्रपिंड बाहेर येऊन बर्फात पडायला हवं. ते बाहेर ओढायच्या पिशवीतच जाईना.

"सर, दुसरं भोक पाडू या," थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या. "सगळं तयार ठेवलंय."

"थांबा जरा."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी हट्टाला पेटलो होतो. मग त्या नुसत्या घड्याळाकडे बघत राहिल्या. ते त्याच भोकातून बाहेर येईपर्यंत चौदा मिनिटं गेली. ते दुसरं भोक आठ दिवसांत भरून आलं असतं.

भावाच्या पोटात ते मूत्रपिंड जागं झालंच नाही. महिन्याभराने काढावं लागलं. तो पुन्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतो. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं शाबूत राहिलं, पडलं ते त्याचं.

काल बहीण तपासणीला आली. बेंबी अगदी कोरी होती.

"छान भरलंय," मी म्हणालो.

ती कपडे सावरून बसली. "दादा बोलून दाखवत नाही. पण माझंच मूत्रपिंड कुचकामी निघालं ना, डॉक्टर? लहानपणापासून मी अशीच किडकिडीत."

मूत्रपिंड उत्तम होतं. चाळिसांत तसं दुसरं नव्हतं. लाजेने माझी कानशिलं तापली. एवढं एक वाक्य तिला दिलं असतं, तर ती हलकी होऊन घरी गेली असती.

"कधी कधी होतं असं," मी म्हणालो. "कुणाचा दोष नसतो."

"तुम्ही तर काहीच कमी केलं नाहीत," ती म्हणाली. "खूणसुद्धा ठेवली नाहीत."

मी कागदावर 'जखम उत्तम' असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.