कापला तो माझा धडधाकट पाय

मी चिंचोकी बोलतेय. घोडी आहे, पण बिनधास्त जवळ या, लाथ मारायची ताकद आता उरलेली नाही. रंग चिंचोक्यासारखा तकतकीत म्हणून हे नाव पडलं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत मी नऊ वर्षं काढली. कोणाकोणाला पाठीवर घेतलं, देव जाणे! पडले तर दोष माझा, नीट बसले तर कौतुक त्यांचं.

माझं दुखणं मागच्या उजव्या पायाचं. तुमच्या गुडघ्याला वाटी असते ना, तशी आमच्या मागच्या पायालाही असते, पार वर, पोटाजवळ. ती वर सरकून अडकली की पाय काठीसारखा ताठ होतो. मग काही केल्या वाकत नाही.

हे सगळ्यात आधी ओळखलं आमची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने. त्याला सगळे मामा म्हणतात. घोड्याला दोन पावलं मागे रेटलं की वाटी खटकन जागेवर येते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी तो मला ठाणातून उलटीच बाहेर काढायचा. अंगणात येईपर्यंत पाय मोकळा. कोणाला पत्ता नाही!

सुरुवातीला मायेनेच करायचा, खोटं कशाला बोलू? पण माया अर्धी आणि भीती अर्धी. मी नवी असताना एक पांढरा घोडा लंगडला होता. मालकांनी त्याला आठवड्यात विकून टाकलं आणि "तुझं लक्ष कुठं होतं?" म्हणून मोतद्दारालाही घरी बसवलं. त्याच रिकाम्या जागेवर हा मामा आला होता.

तबेल्यावरच्या खोलीत मामा-मामी राहतात. खिडकी माझ्या डोक्यावरच, सगळं ऐकू येतं.

"अहो, सांगून टाका एकदाचं," मामी म्हणायची. "दोन वर्षं लपवताय. अंगाशी येईल."

"सांगतो गं. आणि खोली सोडून जायचं कुठं? तुझ्या भावाकडे?"

भावाचं नाव निघालं की मामी भांडी घासायला घ्यायची. तिकडे दोघांनाही जायचं नव्हतं.

वेळेवर कळलं असतं, तर रोज चढावर चालवून मांडी भरली असती आणि कापाकापीची वेळच आली नसती. हे मी नाही, पुढे डॉक्टरच म्हणाले.

मग एक दिवस शिकवणी चालू असताना रिंगणातच पाय अडकला. आमच्या रिंगणाच्या भिंतीवर मोठा आरसा आहे, स्वारांना आपली बैठक दिसावी म्हणून. मालकांची खुर्ची आरशाकडे तोंड करून असते. मान न वळवता सगळे घोडे दिसतात ना! त्यांनी माझा ताठलेला पाय आरशात पाहिला आणि ओरडले, "अरे, चिंचोकीचा डावा गेला!"

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मालकांना कोण सांगणार?

डॉक्टर आले. मामाने सवयीने मला उलटीच बाहेर काढलं. झालं! पाय मोकळा. डॉक्टरांनी चालवलं, फिरवलं, काही दिसेना. त्यांना अजून चार घोडे बघायचे होते.

"कुठला म्हणालात?"

"डावा. मी डोळ्यांनी पाहिलाय," मालक म्हणाले.

डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. "काय हो, डावाच ना?"

 मामाने उजवा म्हणावं, तर कधीपासून माहीत होतं हे सांगावं लागणार. मी त्याच्या खांद्याला नाकाने ढोसलं. बोल ना रे मेल्या, बोल!

"मालक म्हणतात, तर डावाच असेल," मामा म्हणाला.

त्यांनी डावा पाय उचलून धरला. सगळा भार दुखऱ्या उजव्यावर आला, कळ डोक्यात गेली आणि मी पाय झाडला. मालक खूश! "बघा, हात लावू देत नाही. हाच तो पाय."

ओठाला दोरीचा फास घालून पिळला, गुंगीची सुई दिली, केस भादरले. वाटीला धरणाऱ्या तीन शिरांपैकी आतली कापायची असते. पाच मिनिटांचं काम. उभ्या उभ्या माझ्या चांगल्या पायाची शीर कापली आणि फास मामाच्या हातात होता.

तीन महिने विश्रांती सांगितली होती. विसाव्या दिवशी मालक म्हणाले, "पुरे झाले लाड." पुन्हा पाठीवर खोगीर. चौथ्या फेरीला उजवा पाय अडकला, सगळं ओझं कापलेल्या डाव्यावर गेलं आणि आत काहीतरी कडकन फुटलं. डाव्या पायाची वाटी होती ती.

आता मी दोरांच्या आधाराने उभी आहे. कालच ठरलं, ही आता बरी होणार नाही, सुई देऊन मोकळी करायची. मघाशी मामा आला आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडला. "चुकलो गं बाई. उजवा होता. मला माहीत होतं."

अरे शहाण्या, मला काय सांगतोस? माझाच पाय तो! सांगायचं होतं तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का?

माणसांनो, माझं एकच मागणं आहे. आमच्यापाशी जो राबतो, त्याने खरं सांगितलं तर त्याला घरी बसवू नका. खरं लपवून त्याची भाकरी वाचते, पण पाय आमचे जातात.

डॉक्टर आलेत. सुई भरता भरता त्यांनी माझ्या सुकलेल्या उजव्या मांडीवर हात फिरवला. "मामा, हा पाय कधी अडकायचा का हो?"

मालक शेजारीच उभे होते.

"नाही साहेब," मामा म्हणाला. "कधीच नाही."

"जीव आहे याचा हिच्यावर," मालक डॉक्टरांना म्हणाले. "मामा, डोकं तूच धर. तुझ्या हातात शांत राहते ती."